रोजचे चौऱ्याण्णव

संक्रांतीला आईकडे साताऱ्याला गेले होते. तिळाचे लाडू वळून झालेले, हात चिकट, आई ओट्यापाशी उभी राहून पातेलं खरवडत होती आणि मला तिचा श्वास जरा वर लागल्यासारखा वाटला, म्हणून मी म्हटलं, आण गं तो चिमटा, बघू. आमच्याकडे पल्स ऑक्सिमीटरला, म्हणजे बोटाला लावून रक्तात ऑक्सिजन किती टक्के ते दाखवणाऱ्या त्या मशीनला, चिमटाच म्हणतात, नाव आईनेच ठेवलंय. ती म्हणाली राहू दे, संध्याकाळी बघू. मी कुठली ऐकतेय, हात धुतले, तिच्या औषधांचा डबा काढला, इन्हेलरच्या शेजारी चिमटा होताच. बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, तरी काही नाही. मागचं झाकण सरकवलं तर आत सेलच नव्हते. नुसत्या दोन रिकाम्या खाचा आणि ती छोटी स्प्रिंग. मी वळून आईकडे बघितलं तर ती पातेल्यात बघत होती. मग मला काय सुचलं माहीत नाही, हॉलमध्ये गेले, टीव्हीचा रिमोट उचलला आणि पालथा करून उघडला. त्यात ते दोन निळे बारीक सेल होते, दिवाळीच्या आधी मी स्वतःच्या हाताने चिमट्यात घालून गेले होते तेच.

आणि दिवाळीपासून रोज संध्याकाळी साडेसातला मी पुण्याहून फोन करून विचारत होते, आई, किती आला? आणि ती रोज सांगत होती, चौऱ्याण्णव.

रोज. एकदाही त्र्याण्णव नाही, पंच्याण्णव नाही. चिमटा लावलेल्या कुणालाही माहीत असतं की तो आकडा एका जागी बसत नाही, बोट हललं की खाली, दोन खोल श्वास घेतले की वर. मशीनमध्येच एक-दोन टक्के इकडेतिकडे होत असतात. आणि मला अडीच महिने हा प्रश्न पडला नाही की आईचा आकडा असा भिंतीत खिळा ठोकल्यासारखा कसा काय थांबलाय. मला ते चौऱ्याण्णव ऐकून बरं वाटायचं, मी फोन ठेवायचे, कुकर लावायचे.

त्या दिवशी मी चिडले. सणाच्या दिवशी चिडायचं नसतं, तिळगूळ घ्या गोड बोला म्हणतो आपण, पण मी बोलले, अगदी वाट्टेल ते बोलले. आई काही म्हणाली नाही. पातेलं घासून पालथं घातलं, हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन बसली. नंतर रात्री ती जे बोलली ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहायला बसलेय.

पण त्यासाठी आधी २०२१ च्या एप्रिलमध्ये जावं लागेल. तो एप्रिल परत सांगायची गरज कुणालाच नाही, प्रत्येकाकडे आपापला आहे. माझा असा, की १३ तारखेला गुढीपाडवा होता, आदल्या दिवशी मी आईकडे पोचले, पाडव्याला गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यात संचारबंदी लागली. म्हटलं बरंच झालं, राहू चार दिवस. शनिवारी १७ तारखेला आईला ताप भरला.

चिमटा मी पहिल्यांदा बघितला होता तो त्याच्या आधीच्या सप्टेंबरात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणून सरकारने घरोघर तपासणी सुरू केली होती तेव्हा, याच घरात. दोन आशाताई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, एकीच्या हातात तापाचं ते पिस्तूल आणि दुसरीच्या हातात हे, निळं-पांढरं, कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढं. प्रत्येकाच्या बोटानंतर ती ते सॅनिटायझरने पुसत होती, तिच्या हातांना त्या सॅनिटायझरने भेगा पडलेल्या मला अजून आठवतात. आईच्या बोटाला लावलं आणि म्हणाली, शहाण्णव, मस्त आहे काकू. आईने तिला पाणी विचारलं तर म्हणाली नको, मास्क काढता येत नाही. त्या बाया दिवसाला किती उंबरे चढत होत्या आणि त्याचे त्यांना किती पैसे मिळत होते हे आठवलं की आजही मला वाईट वाटतं.

तर १७ तारखेला मी मेडिकलमध्ये गेले. पहिल्या तीन दुकानांत चिमटा संपलेला. चौथ्यात होता, छापील किमतीवर नवीन स्टिकर चिकटवलेलं, अडीच हजार. मी घासाघीस केली नाही, मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही चेहरा माझ्यासारखाच होता. त्यानंतर जुलैमध्ये सरकारने ऑक्सिमीटरवरचा नफा जास्तीत जास्त ७० टक्के असावा असं बंधन घातलं, तेव्हा ती बातमी वाचून मला रडू आलं होतं. पैशाचं नव्हे. आपल्याला जुलैत कळलं, गरज एप्रिलमध्ये होती, याचं.

लहानपणी लाईट गेली की आम्ही भावंडं बॅटरीवर बोट धरायचो, बोट आतून निखाऱ्यासारखं लाल दिसायचं, आणि आजी ओरडायची सेल संपवू नका रे. हे मशीन तेच करतं. एका बाजूने लाल उजेड आणि एक आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड सोडतं, आणि दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजतं. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल उजेड जास्त जाऊ देतं आणि तो न दिसणारा जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडलेल्या रक्ताचं उलटं. पण बोटात रक्त सोडून कातडी, हाड, मांस सगळंच असतं, मग यातलं धमनीतलं रक्त कुठलं हे कसं कळणार? तर प्रत्येक ठोक्याला जेवढं बदलतं तेवढंच रक्त, बाकी सगळं एका जागी. हे ज्यांना सुचलं ते जपानचे ताकुओ आओयागी. ते खरं तर दुसरंच काहीतरी मोजत होते, हृदय किती रक्त ढकलतं ते, रंगद्रव्य टोचून, आणि कानाच्या पाळीतून उजेड पाठवला की नाडीचे ठोके मध्ये येऊन आलेख खराब करायचे. ते ठोके पुसून काढायच्या खटपटीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं की ज्याची अडचण होतेय त्यातच ऑक्सिजनचं मोजमाप लपलंय. हे गृहस्थ १८ एप्रिल २०२० ला वारले. सगळ्या जगातली माणसं त्यांनी शोधलेल्या गोष्टीत बोट घालून बसायला लागली होती, त्याच महिन्यात. मला हे खूप नंतर कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी देवाला दिवा लावताना त्यांचं नाव घेतलं. जे मनापासून वाटलं ते केलं.

आईची खोली म्हणजे आतली माजघराची खोली. ती कॉटवर, मी दारात स्टुलावर, दोन मास्क लावून. ती हात लांब करायची, मी चिमटा लावायचे आणि मागे सरकायचे. हात गार असला की आकडा यायचाच नाही, नुसत्या रेघा. मग ती दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायची, थंडीत शेकोटीपाशी चोळतात तसे. आकडा यायच्या आधीचे ते आठ-दहा सेकंद. पहिल्यांदा येणारा आकडा धरायचा नाही, जरा थांबायचं, तो बसू द्यायचा, हे मी तेव्हा शिकले. पाडव्याला पायाला आणि नखांना लावलेली मेंदी अजून तिच्या नखांवर होती, नखावर रंग असला तर आकडा चुकू शकतो म्हणून आम्ही एका करंगळीला लावायचो, तिथे तेवढी लागली नव्हती. फॅमिली डॉक्टर फोनवर होते. त्यांनी सांगितलं सहा मिनिटं चालवा आणि परत बघा. देवघरापासून मागच्या दारापर्यंत आई चालली, भिंतीला हात लावत, मी मोबाईलवर वेळ लावलेली. चालायच्या आधी ९४, नंतर ९०.

चौऱ्याण्णवच्या खाली नको. हे वाक्य तेव्हा मी दिवसातून किती वेळा बोलले असेन. फोनवर भावाला, डॉक्टरांना, आईला, स्वतःला. ९४ च्या खाली आलं की दवाखाना, सगळे तेच सांगत होते, आणि दवाखान्यात जागा नव्हती.

मी आकडे लिहीत होते ते कालनिर्णयवर. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं, चौकटीत आईच्या अक्षरात दुधाचे हिशोब, एक लिटर, दीड लिटर, आणि त्याच्याच खाली माझं बारीक पेन्सिलीतलं, सकाळ ९३, रात्र ९१. २१ तारखेला रामनवमी होती. चौकटीत रामाचं छोटं चित्र आणि त्याच्या पायाशी माझा ८८. त्या दिवशी दुपारी टीव्हीवर नाशिकची बातमी आली, ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि ऑक्सिजनवरची बावीस माणसं गेली. मी पळत जाऊन टीव्हीचं बटण बंद केलं होतं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि रात्री चिमटा लावला तर ८८. आई चष्म्याशिवाय होती, मास्क लावला की काचेवर वाफ यायची म्हणून तिने चष्मा उशाशी काढून ठेवला होता, तिला नुसता लाल ठिपका दिसत असणार. तिने विचारलं, किती गं?

मी म्हटलं, त्र्याण्णव.

आवाज कसा निघाला मला माहीत नाही. म्हटलं, त्र्याण्णव आहे, पालथी झोप बरं, अजून वाढेल. पालथं झोपल्याने फुप्फुसाच्या मागच्या भागात हवा पोचते, त्याच सुमारास सरकारनेही ती सूचना काढली होती, छातीखाली उशी, ओटीपोटाखाली उशी, नडगीखाली उशी. आईचे गुडघे दुखतात, तिला पालथं होताच येईना, मी सगळं विसरून आत गेले आणि तिला दोन्ही हातांनी वळवलं. तिच्या पाठीला घामाचा आणि व्हिक्सचा वास येत होता. तिची पाठ एवढी छोटी कधी झाली हे मला त्या रात्री कळलं. मग बाहेर येऊन मी फोन लावत बसले. बेडसाठी चाळीसेक फोन केले असतील. बेड नाही मिळाला. पहाटे चार वाजता गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर, म्हणजे हवेतलाच ऑक्सिजन गोळा करून देणारं मशीन, आणून दिला, टेम्पोतून, एका घरातून उचलून. त्या घरातल्या माणसाला आता लागत नाही एवढंच ते म्हणाले. का लागत नाही हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या मशीनची घरघर पुढचे नऊ दिवस घरात होती. पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे, बुड बुड बुड, रात्रभर. डॉक्टरांनी फोनवरून गोळ्या बदलल्या. २३, २४ तारखेला टीव्हीवर ती रेल्वे दाखवत होते, विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन आलेली, आधी नागपूरला पोचली, मग नाशिकला. मी स्टुलावर बसून त्या गाडीकडे बघत होते, एखादं माणूस येणार असल्यासारखी. २७ ला हनुमान जयंती, त्या चौकटीत माझ्या पेन्सिलीने लिहिलंय, मशीन काढून ९३. आई वाचली. आमच्या गल्लीतली तीन माणसं नाही वाचली, त्यांच्याही घरी चिमटे होते.

म्हणून आकड्यामुळे आई वाचली असं मी कधी म्हणत नाही. पण आकडा नसता तर त्या रात्री मी झोपले असते. कारण ८८ असताना आई मला म्हणाली होती की आता बरं वाटतंय, भूक लागलीये, थोडा भात दे. हा आजार असाच फसवत होता, माणूस बोलतंय, हसतंय आणि आतून रिकामं होत चाललंय. त्या चिमट्याने मला उठवून बसवलं, हे ऋण मी विसरणार नाही. आणि तोच चिमटा थोडं कमी सांगत असेल किंवा जास्त, हेही तितकंच खरं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० च्या शेवटी दाखवून दिलं की काळ्या कातडीच्या माणसांमध्ये ऑक्सिजन खरा कमी असताना मशीन ठीक दाखवतं असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा होतं. उजेड कातडीतूनच जायचा असतो ना. हे वाचलं तेव्हा मी माझ्या आणि आईच्या हाताकडे बघत बसले. आम्ही दोघी चांगल्या सावळ्या.

कोविड गेला पण आईचा खोकला गेला नाही. मग छातीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नळीत फुंकायची तपासणी केली आणि विचारलं, आजी, चूल किती वर्षं? आई म्हणाली, लग्न झाल्यापासून गॅस येईपर्यंत, वीसेक वर्षं. कोरेगावाकडचं आमचं गाव, घराला खिडकी एकच, पावसाळ्यात ओली लाकडं, फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. सीओपीडी म्हणाले डॉक्टर, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा आजार. बिडीकाडी न ओढता, नुसत्या भाकऱ्या भाजून. हे मला अजून पचत नाही. आमच्या सगळ्यांच्या पोटात गेलेली प्रत्येक भाकरी तिच्या छातीत थोडी थोडी साठत गेली होती. आणि डॉक्टरांनी आम्हाला हेही सांगितलं की आता यांचा नॉर्मल आकडा तुमच्यासारखा ९८ असणार नाही, यांचं ९१, ९२ हेच ठीक, ८८ च्या खाली गेलं, ओठ निळसर वाटले, बोलताना एक वाक्य पुरं होईना, तर लगेच फोन करा. (हे आमच्या आईचे आकडे आहेत. तुमच्या घरातल्या माणसाचे त्यांच्याच डॉक्टरांना विचारा, सगळ्यांना एक माप नसतं.) मी मान डोलावली, पण माझ्या मनात ९४ च राहिले. ९२ ऐकलं की माझा आवाज बदलायचा, हे मला कळत नव्हतं, आईला कळत होतं.

तर संक्रांतीची रात्र. जेवणं झाली, मी कॉटच्या कडेला बसले, ती पाय चोळत होती. म्हणाली, तुला सांगते, तो चिमटा लावला आणि लाल आकडा नव्वद-एक्क्याण्णव दिसला ना, की मला बसल्या जागी धाप लागते. आधी नसते लागलेली. मग मी परत लावते, मग परत. एकदा रात्री बारा वेळा लावला. मग झोप नाही. म्हणून काढले सेल. मी म्हटलं, मग मला सांगायचंस ना. तर म्हणाली, तुला एक आकडा लागतो रोज. तो ऐकल्याशिवाय तू फोन ठेवत नाहीस. चौऱ्याण्णवच्या खाली नको म्हणायचीस ना तू? मग चौऱ्याण्णव.

मला काही बोलता येईना. आणि मग तिने ते सांगितलं, अगदी सहज, जाता जाता.

म्हणाली, तू नाही का मला त्र्याण्णव सांगितलेलंस. रामनवमीला.

मी म्हटलं, तुला कसं माहीत?

अगं, महिना संपल्यावर कॅलेंडरचं पान कोण उलटतं या घरात? एक मेला मीच उलटलं. दुधाचा हिशोब करायला बसले चष्मा लावून, तर खाली तुझं सगळं लिहिलेलं. अठ्ठ्याऐंशी. तेवढ्या एकाच आकड्यावर तू पेन्सिल जोरात दाबलेलीस.

इतकी वर्षं तिला माहीत होतं. कधी बोलली नाही. मी त्या खोट्याचं ओझं घेऊन फिरत होते, कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, कारण तिला काही झालं असतं तर मी तिला खरं न सांगता पाठवलं असतं, तिला काही बोलायचं असेल, कुणाला भेटायचं असेल, दागिन्यांचं काही सांगायचं असेल, ते सगळं मी एका शब्दात गिळून टाकलं असतं. हे मी तिला त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, त्र्याण्णव म्हणालीस म्हणून मला जरा डोळा लागला. बरं केलंस. आणि लगेच म्हणाली, पण परत नको करू.

मी म्हटलं, तूही.

सकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार सेल आणले. दोन चिमट्याला, दोन रिमोटला. आमचं असं ठरलं की दिवसातून एकदाच लावायचा, चहानंतर, बसून, हात चोळून, मिनिटभर थांबून, आणि जो येईल तो सांगायचा. आईची एक अट होती. खरं सांगीन, पण तू लगेच गाडी काढायची नाहीस. आधी विचारायचं की जेवले का, जिना चढून आले का, बोलता येतंय का. मी कबूल केलं.

परत आल्यापासून फोनवर मी तिचं बोलणं वेगळं ऐकायला लागलेय. ती मंडईतलं काहीतरी सांगत असते, पावट्याच्या शेंगा किती महाग, शेजारच्या सुनेला मुलगी झाली, आणि मी मनात मोजत असते की कितव्या शब्दाला ती श्वासासाठी थांबली. पूर्वी ती एका दमात पूर्ण गल्लीची खबर द्यायची. आता मध्ये एक बारीक थांबा असतो, कापडाला शिवण असते तसा. तो थांबा आधीही असणार. मी त्या एका शब्दाची वाट बघत असायचे, म्हणून बाकीचं माझ्या कानात शिरतच नव्हतं.

पहिल्या दिवशी ब्याण्णव. मग त्र्याण्णव. मग परत ब्याण्णव, एकदा एक्क्याण्णव. परवा साडेसातला फोन केला, आधी पावट्याची आमटी कशी झाली ते सांगून झालं, मग मी विचारलं, किती आला?

जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, नव्वद.

मी काहीच म्हटलं नाही. गाडीची किल्ली समोर खुंटीला होती. पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता, एक, दोन, तीन, सारखे अंतर ठेवून.

"उभी राहिलीस ना?" आई म्हणाली. "बस खाली. आणि विचार बघू, काय काय विचारायचं ठरलंय ते."